कानाडोळा

ताउनोचा उजवा कान माझ्याकडे आला
तेव्हा तुर्कूत ऑरा नदी गोठायला लागली होती.
बर्फ फुटून बोटी पुन्हा सुटल्या
तरी तो बरणीतच.
देहातलं सर्वांत कठीण हाड हे, त्याला घाई चालत नाही.
चुना थोडा थोडा सोडवावा लागतो:
द्रावण बदलायचं, बरणीवर तारीख लिहायची,
थांबायचं.

मग पातं.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ एकेक काप
ब्रशने उचलून काचेवर निजवायचा,
दर दहावा रंगवायचा.
एकोणीस वर्षं झाली.
शोधनिबंधावर डॉक्टरांचं नाव असतं. मी मोजते.

शंख वाटाण्याएवढा, वेढे अडीच.
कागदावर उलगडून मांडला तर पस्तीस मिलिमीटर,
आणि तेवढ्यात केसपेशींच्या रांगा:
आत एक, बाहेर तीन,
चर्चमधल्या बाकांवर बसल्यासारख्या.
बारीक सूर दारातच उतरतात,
जाडेभरडे पार आतल्या टोकापर्यंत जातात.
पण जाड असो, बारीक असो,
प्रत्येकाला यावं लागतं त्याच दारातून.
उंबरठा आधी झिजतो, तो असा.

ताउनोने एकेचाळीस वर्षं
जहाजांच्या पोटात शिरून पत्रे ठोकले.
कानात कापूस, तोही कधी कधी.
मी मोजलं.
दाराशी कुणी नाही.
दहा मिलिमीटर आत, कुणी नाही.
नुसत्या रिकाम्या जागा, एकमेकींना धरून.
पुढे एक, मग दोन,
मग अचानक शेवटच्या वेढ्यात
सगळी मंडळी जागच्या जागी,
जणू अजून कुणी बोलणार आहे.

लेम्पी आली मार्चमध्ये, वेलदोड्याचा पाव घेऊन.
त्याची बायको. कोट काढला नाही.
म्हणाली, मी मीठ मागायचे, सुओला,
हा खुर्ची पुढे सरकवायचा. तुओली.
आधी मान हलवायचा, हो हो, आणि मग खुर्ची.
चोपन्न वर्षं भांडले मी त्याच्याशी
कानाडोळा करतोस म्हणून.
आता तुम्ही आत पाहिलंय.
करत होता का?

नियम सांगतो, नातेवाइकांना आकडे द्यायचे नाहीत.
मी आकडा दिला नाही.
म्हटलं, स्वर पोचत होते.
व्यंजनं दारात पडत होती.
म्हणजे मी बोलतेय, एवढं कळायचं?
हो.
आणि काय बोलतेय, ते नाही?
नाही.

तिने पावाचा तुकडा तोडला, खाल्ला नाही.
मग मान कशाला हलवायचा, म्हणाली.

भिंगाखाली यातलं काही दिसत नाही.

जाताना दारात तिला आठवलं,
तो म्हणायचा, रुइस्सालोच्या जंगलातून
हिप्पिआइनेन निघून गेले, एकही उरला नाही.
चिमुकला पक्षी, पाच-सहा ग्रॅमचा, डोक्यावर पिवळी रेघ.
आणि ते त्याच्या टोपीवरच्याच फांदीत गात असायचे.
मी सांगायचे नाही, म्हणाली. कशाला.

पक्ष्यांचं बरं असतं.
त्यांच्या केसपेशी मेल्या तर पुन्हा उगवतात,
काही आठवड्यांत रांग भरते.
आमच्यात ती सोय नाही.
का नाही, यावर तिसऱ्या मजल्यावर
दोन माणसं आणि काही कोंबडीची पिल्लं काम करतात.

मे महिन्यात मुलीबरोबर रुइस्सालोला गेले.
एका स्प्रूसखाली तिने माझी बाही धरली,
बोट वर केलं.
फांदीच्या टोकाशी पिवळी रेघ,
चोच उघडलेली,
गळा थरथरतोय.
दूर कुठे तरी बोटीचा भोंगा वाजला, तो नीट आला.
ऐकलंस, ती म्हणाली.

मी मान हलवली.